ओळख पटवून न्यावी

वहिनीच्या खिडकीतून स्वतःचीच छत्री परत मिळवायची म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा. बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, स्वच्छतागृह आणि पार्सलची खोली यांच्या मधल्या बोळात हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय होतं, आणि तिथं गेली एकोणीस वर्षं वहिनी बसत होती. माणूस धापा टाकत यायचा. "अहो, माझी काळी छत्री राहिली गाडीत," म्हणायचा. वहिनी सावकाश पेनाचं टोपण काढायची. मूठ लाकडी की प्लास्टिकची? काड्या किती? त्यातली वाकडी कुठली? बिचारा म्हणायचा, छत्रीच्या काड्या कोण मोजतं हो? वहिनी म्हणायची, "ज्याची असते तो." मागच्या फळीवर ती छत्री त्याला दिसत असली तरी बोट दाखवायची सोय नव्हती. दाखवलंच, तर आणखी दोन प्रश्न वाढायचे.

तिची नणंद त्याच स्थानकात, पण वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत माइकपुढे बसायची. गाड्यांच्या घोषणा तिच्याकडे. घरी तिला ताई म्हणत, आणि ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी तिच्या माघारी भोंगा म्हणत. हे तिला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. 'फलाट चारवरची गाडी सुटत आहे, प्रवाशांनी लवकर बसून घ्यावे' हे वाक्य ती दिवसातून शंभरदा म्हणायची. ते तिच्या अंगात असं काही मुरलं होतं, की घरी कुकरची शिट्टी व्हायला उशीर झाला तर ती कुकरलाही दोन शब्द सुनवायची.

नणंद-भावजयीचं वाकडं होतं का? वाकडं नाही म्हणता येणार. पण अगदी सरळही नव्हतं, आणि त्याला कारण अप्पा. अप्पा म्हणजे ताईचे वडील, वहिनीचे सासरे. जन्मभर पुस्तकं बांधायचं काम केलेले. आता ऐंशीच्या घरात, सतरा नंबरच्या गाडीच्या शेवटच्या थांब्याजवळ दोन खोल्यांत एकटेच राहायचे. या म्हटलं तर येत नव्हते. कान गेलेले, त्यामुळे फोन वाजून वाजून दमायचा. मेसेज मात्र भिंगातून वाचायचे आणि एका बोटानं उत्तर द्यायचे. ताईनं एखादी गोष्ट दहा वेळा सांगितली तरी अप्पांच्या अंगावरची माशी हलत नसे, आणि सुनेनं एकदा सांगितली की कामाला लागलेच. 'सुनबाईनं सांगितलंय म्हणजे झालं.' हे वाक्य ऐकलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बापाच्या पोटची मी, आणि शब्द चालतो हिचा. अप्पांची सगळी शिल्लक बँकेनं फोनमध्ये आणून ठेवली, तेव्हा तो फोन कसा चालवायचा हेही त्यांनी सुनबाईकडूनच शिकून घेतलं होतं. ताईनं शिकवायला घेतलं तेव्हा त्यांना झोप येत होती म्हणे.

तर अशी ही वहिनी. ती फसली.

झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी डबा खाताना तिच्या फोनवर एक पान उघडलं. पाच प्रश्नांची उत्तरं द्या, नाव नोंदवा, सोडतीत भाग घ्या. दुसरा कुणी असता तर त्यानं काहीतरी खरडलं असतं. वहिनीला फॉर्मबद्दल फार आदर. तिनं कधी रकाना कोरा सोडला नाही. अगदीच नसेल तर 'लागू नाही' असं तरी लिहायचीच. तिनं पूर्ण नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, नंबर लिहिला. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीबाही होतं, त्यापुढच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण होती. डब्याचं झाकण लावलं आणि ती विसरूनही गेली.

आणि त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन आला. पलीकडे एक बाई. आवाज कोरडा, कामाचा. "मॅडम, बक्षीस-वाटप विभागातून बोलतेय. तुमचं शिलाई मशीन तीन आठवडे आमच्या काउंटरवर पडून आहे. नोटिसा पाठवल्या, मालक आला नाही. आज शेवटचा दिवस. मग आम्हाला ते परत पाठवावं लागेल."

दुसऱ्या कुणाला त्यात शिलाई मशीन दिसलं असतं. वहिनीला दिसला काउंटर. कुठंतरी एक बाई एक वस्तू फळीवर सांभाळून बसली आहे, धूळ पुसते आहे, आणि मालकाचा पत्ता नाही. हे दुःख वहिनीला जेवढं कळत होतं तेवढं गावात कुणाला कळत नसेल. तिच्याकडेही तीन महिन्यांनी वस्तू लिलावात जायच्या, आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागत नसे. म्हणजे या खेपेला बेपर्वा मालक कोण, तर आपणच. तिला चक्क लाज वाटली.

पण म्हणून ती भोळी नव्हती. तिनं परीक्षा घेतली. काउंटरवर संशय आला की ती निळ्या पिशवीला मुद्दाम 'लाल ना?' म्हणून विचारायची. खोटा माणूस लगेच 'हो हो' म्हणायचा. तसंच तिनं आपली जन्मतारीख मुद्दाम चुकीची सांगितली. पलीकडून उत्तर आलं, "नाही मॅडम, जुळत नाही. पुन्हा सांगा. चुकीच्या माणसाच्या हातात वस्तू देता येत नाही आम्हाला."

इथं वहिनी विरघळली. एकोणीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या पठडीतलं भेटलं होतं. तिचाच भरलेला फॉर्म समोर ठेवून ती बाई बोलत होती, हे तिला कसं सुचावं? बाई विचारत गेली आणि वहिनी सांगत गेली. आईचं माहेरचं आडनाव. पहिली शाळा. ओळखपत्राचा फोटो. प्रत्येक प्रश्नागणिक वहिनीचा आदर वाढतच होता. बाई काय काटेकोर आहे, नाहीतर आमच्याकडचे नवे कारकून, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी बाई म्हणाली, "आता तुमच्या फोनवर सहा आकडी टोकन येईल. ते वाचून दाखवा, मी इकडच्या चिठ्ठीशी ताडून बघते."

टोकन. तिनं ओटीपी म्हटलं असतं ना, तर वहिनीनं तिथंच फोन आपटला असता. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे तिनंच अप्पांना घोकून घोकून शिकवलं होतं. पण टोकन हा तिच्या रोजच्या कामातला शब्द. वस्तूला बांधलेली अर्धी चिठ्ठी तिच्याकडे, अर्धी कंडक्टरकडे. आकडे वाचायचे, जुळले की वस्तू द्यायची. तिनं सहा आकडे सुटे सुटे, स्पष्ट वाचून दाखवले. पलीकडची बाई म्हणाली, "जुळलं," आणि फोन बंद झाला.

दहा मिनिटांनी वर काचेच्या खोलीत ताईचा फोन वाजला. वहिनीचा मेसेज. 'माझा फोन बिघडलाय. तुम्हाला सहा आकडे आले असतील, तेवढे लवकर पाठवा.' आकडे खरंच आलेले होते. ताई दोन घोषणांच्या मधे होती, फलाट सहाची गाडी लागत होती, एका हातात चहा होता. काय कटकट आहे, असं म्हणत तिनं आकडे टाइप करायला घेतले. चार झाले होते, तेवढ्यात दार ढकलून वहिनी आत आली. कामाच्या वेळात खिडकी सोडून ती जिना चढली आहे, असं आजवर कधी घडलं नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"वन्सं, मी फसले," ती म्हणाली.

"कोण? तू?"

"मी. माझ्या मेसेजचं खातं गेलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर चालू आहे आता. तुम्हाला काही आलं का माझ्या नावानं?"

ताईनं आपल्या हातातल्या फोनकडं पाहिलं आणि ते चार आकडे गुपचूप पुसून टाकले आणि मेसेज वहिनीपुढे धरला. त्यानंतर तिला जे वाटलं ते सांगायला नको, पण सांगायलाच हवं. तिला गुदगुल्या झाल्या. एवढी शिस्तीची बाई, सगळ्या जगाकडून पुरावे मागणारी, आणि भर सकाळी कुणीतरी तिच्या हातावर तुरी देऊन गेलं. सगळी हकीकत ऐकून घेतल्यावर तर तिला हसूच आवरेना. "काय गं वहिनी, काड्या मोजल्या नाहीस का?"

वहिनीला राग आला नाही. "मोजायलाच बसले होते," ती म्हणाली. "त्यांनीच माझ्या मोजल्या." मग खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "माझ्या फोनमध्ये चारशे माणसं आहेत. इथले सगळे ड्रायव्हर, कंडक्टर, झाडणाऱ्या मावश्या, वस्तू घेऊन गेलेली माणसं. मी म्हटलं म्हणून देतील ते. आणि अप्पा."

ताईचं हसू जागच्या जागी थांबलं. सुनबाईनं सांगितलंय म्हणजे झालं. चाळीस वर्षं सरस आणि सुई-दोरा हाताळून जमवलेलं जे काही होतं, ते एका बोटानं, भिंगातून बघत, अप्पा आत्ता कुणाच्या तरी घशात घालत असतील.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. अप्पांना ऐकू येणार नव्हतंच. तिनं मेसेज पाठवले, एकामागून एक पाच. 'अप्पा, वहिनीच्या नावानं काही आलं तर उत्तर देऊ नका. लवकर वाचा. लवकर कळवा.' उत्तर नाही. वहिनीनं बँकेला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की खातेदारानं स्वतः बोलावं आणि ओळख पटवावी. खातेदाराला ऐकू येत नाही, असं वहिनी तीन वेळा म्हणाली. मग तिनं हात टेकले. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, कारखान्यात, पाळी सुटेपर्यंत त्याचा फोन दारावर जमा. सतरा नंबरची गाडी वीस मिनिटांनी होती. तोवर हातावर हात ठेवून बसणं, एवढंच काय ते उरलं होतं.

निदान ताईला तसं वाटलं. वहिनीनं मात्र हरवलेल्या वस्तूंचा एक कोरा फॉर्म खिशातून काढला, टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच भरायला घेतला. वस्तू: माझं नाव. कुठे हरवली: माझ्याच खुर्चीत. कशी: मी स्वतः वाचून दाखवली. मग तो फॉर्म ताईपुढे सरकवला. "हे सांगा माइकवरून."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ताई म्हणाली. "अख्खं स्थानक ऐकेल. उद्यापासून खिडकीसमोर उभं राहून हसतील लोक. साहेब काय म्हणतील? जिच्या ताब्यात लोकांच्या वस्तू, तीच अशी."

"हसू देत. हसत असले म्हणजे त्यांनी ऐकलंय, एवढं तरी कळेल."

ताईनं माइकचं बटण दाबलं. आयुष्यात तिची जीभ माइकपुढे कधी अडखळली नव्हती. "प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी लक्ष द्यावे. हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत काही गैरप्रकार..." असं म्हणून ती थांबली. पुढे शब्दच फुटेना. घराण्याची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायला तिचं मन घेईना. तेव्हा वहिनीनं माइक स्वतःकडे वळवला.

"मी खिडकीवरची बाई बोलतेय," ती म्हणाली. तिला माइकची सवय नव्हती. आवाज मोठा, खरखरीत आला. "तुम्हाला काड्या मोजायला लावणारी. आज मला एका बाईनं फसवलं. बक्षीस देते म्हणाली, आणि मी तिला माझ्या फोनवर आलेले आकडे वाचून दाखवले. आता माझ्या नावानं तुम्हाला मेसेज येतोय, आकडे पाठवा म्हणून. ती मी नाही. कुणी काही पाठवू नका. पाठवलं असेल तर वर या, लाजू नका, मीही फसलेच आहे." आणि तिनं हे सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून, तसंच्या तसं सांगितलं.

खाली फलाट दोनवर कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग काचेतून ताईला दिसलं की नऊ नंबरच्या ड्रायव्हरनं हातातला फोन बघितला, डोकं खाजवलं आणि फोन खिशात टाकला. झाडणाऱ्या मावशींनी झाडू भिंतीला लावून शेजारणीच्या हातातून फोन काढून घेतला. दोन मिनिटांत एक कंडक्टर जिना चढून आला, मान खाली घालून. त्यानं आकडे पाठवून झाले होते. वहिनीनं त्याला खुर्चीत बसवलं. आता आधी घरच्यांना कळव, मग बाकीच्यांना, लपवत बसू नकोस, असं त्याला सांगितलं. त्याच्या मागोमाग साहेब आले. कार्यालयाची इभ्रत वगैरे बोलायला त्यांनी सुरुवात केली.

"साहेब, इभ्रत माझी गेलीय, कार्यालयाची शाबूत आहे," वहिनी म्हणाली. "चौकशी सोमवारी करा, मी हजर आहे. आत्ता मला सतरा नंबर गाठायचीय." आणि वस्तूंची मोठी वही काखोटीला मारून ती जिना उतरलीसुद्धा. साहेब तोंडाचा आ तसाच ठेवून उभे राहिले. ताईनं बदलीच्या मुलीला माइकवर बसवलं आणि तीही पळाली.

गाडी सुटली. सव्वा तासाचा रस्ता. ताईचा जीव टांगणीला लागला होता. प्रत्येक थांब्यावर ती उठून ड्रायव्हरपाशी जायची आणि आटपा म्हणायची. वहिनीनं मात्र ताईचा फोन मागून घेतला, मांडीवर वही उघडली आणि वस्तू नेलेल्या माणसांचे नंबर एकेक करून लावायला सुरुवात केली. "नमस्कार, तुमची चष्म्याची पेटी माझ्याकडे होती, आठवतं? हो, तीच मी. आज मी फसले. माझ्या नावानं काही आलं तर देऊ नका." ठेवला फोन. पुढचा. "तुमची पाटी-पेन्सिलची पिशवी होती..." पुढचा. कुणी हळहळलं, कुणी उपदेश केला. एकानं चक्क ऐकवलं, की माझ्या छत्रीच्या वेळी तर फार शहाणपणा करत होतात. "करत होते खरी," वहिनी म्हणाली, आणि पुढचा नंबर लावला.

ताई ऐकत होती. पहिल्या पाच-सहा फोनांना तिला संकोच वाटला, गाडीतली माणसं बघत होती म्हणून. मग ती मोजू लागली. एकतिसांपैकी एकाही फोनवर वहिनी 'माझी काही चूक नव्हती' असं म्हणाली नाही. ती बाई किती चलाख होती, हेही तिनं कुणाला रंगवून सांगितलं नाही. नुसतं, मी फसले. पुढच्या बाकावरची एक पोक्त बाई वळून म्हणाली, मलाही मागे असाच फोन आला होता, मी घरात कुणाला बोलले नाही. वहिनी तिला म्हणाली, "आज बोला."

आणि ताईला आपलं बारीक होण्याचं प्रकरण आठवलं. मागच्या वर्षी तिनंही एका ठिकाणी नाव नोंदवलं होतं, पहिला महिना फुकट म्हणून. दुसऱ्या महिन्यापासून दर महिन्याला तिच्या कार्डातून काहीतरी कापलं जात होतं. अकरा महिने झाले. नवऱ्याला पत्ता नाही. तिनं ते बंदही केलं नव्हतं, कारण बंद करायचं तर फोनवर कुणाला तरी सांगावं लागणार, की हो, ती मूर्ख मीच. ही वहिनी चारशे माणसांना सांगते आहे, आणि आपल्याला एका अनोळखी माणसाला सांगवत नाही. ताईला स्वतःची कीव आली आणि वहिनीचं कौतुक वाटलं, अगदी मनापासून. एवढ्या वर्षांत जे वाटायला तिनं नकार दिला होता ते सगळं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि बारीक होण्याचं सगळं सांगून टाकलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. हसली नाही. "उद्या डब्याच्या वेळी दोघी मिळून बंद करू," म्हणाली. "जो काही फॉर्म असेल तो मी भरते."

शेवटच्या थांब्यावर दोघी उतरल्या आणि अक्षरशः धावल्या. दार ठोकून उपयोग नव्हता. ताईनं खिडकीची काच बडवली. अप्पा खालमानेनं काम करत होते. त्यांच्यापुढे एका जुन्या शब्दकोशाचं धड वेगळं आणि पुठ्ठा वेगळा असा पडला होता, आणि दोन्ही हातांना सरस. काचेवरची सावली बघून ते उठले आणि कोपरानं कडी काढली.

"आकडे पाठवले का, अप्पा? मेसेजमध्ये आकडे मागितले ते दिलेत का?" ताई आत शिरता शिरता ओरडली.

"हळू बोल," अप्पा म्हणाले. "भरभर बोललीस की नुसता वारा येतो कानात." हाताला सरस होता म्हणून त्यांनी हनुवटीनंच टेबलावरचा फोन दाखवला.

ताईनं फोन उचलला. 'सुनबाई' या नावाखाली मेसेज होते. 'अप्पा, माझा फोन बिघडलाय. तुम्हाला बँकेचे सहा आकडे आले असतील, ते लवकर पाठवा.' त्याखाली, 'अप्पा लवकर करा.' त्याखाली, 'लवकर, अप्पा.' आणि मग अप्पांचं उत्तर, एका बोटानं लिहिलेलं, दोनच शब्द.

'आपण कोण?'

त्यावर उत्तर आलं होतं, 'मी तुमची सुनबाई.' त्याला अप्पांनी काही लिहिलं नव्हतं.

ताई जवळच्या स्टुलावर बसली. "कळलं कसं तुम्हाला?" तिनं विचारलं. अप्पांनी कानामागे मनगट धरलं तेव्हा तिनं वाकून, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारलं. "नंबर तिचा. फोटो तिचा. तुम्हाला कळलं कसं, की ती नाही?"

"सुनबाई मला लवकर म्हणत नाही," अप्पा म्हणाले. "लग्न होऊन आली त्याला किती वर्षं झाली? एकदाही नाही. अंघोळीला बसलो तरी नाही, औषध संपलं तरी नाही. आणि आज एका दमात तीनदा. म्हटलं, ही आपली नव्हे."

सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी वावरलेली वहिनी उंबऱ्यातच उभी होती. साहेबांपुढे, माइकपुढे, एकतीस फोनांवर जिचा आवाज हलला नव्हता, ती तिथं दाराला डोकं टेकून रडली. "मी फसले, अप्पा," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. ती जवळ आली आणि त्यांच्या कानाशी पुन्हा म्हणाली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, हाताला सरस आहे हे बघून खाली घेतला आणि म्हणाले, "बस. चहा करू आपण."

वहिनी डोळे पुसत आत गेली. ताईचं समाधान झालं नव्हतं. "आणि मी पाच मेसेज पाठवले, ते?"

अप्पा जरा ओशाळले. "तुझ्या मेसेजची थरथर मी बंद करून घेतलीय, पोरी. दिवसभर टेबल हलत असतं. संध्याकाळी चहाबरोबर सगळे एकदम वाचतो."

एरवी ताईनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिच्या मनात आता वेगळंच काहीतरी आलं होतं, आणि ते विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं. "अप्पा, हाच मेसेज माझ्या नावानं आला असता तर?"

अप्पांनी विचार केला. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "वाचला असता तेव्हा पाठवले असते," ते म्हणाले.

"का?"

"तू रोजच घाईत असतेस. त्यात मला वेगळं काय दिसणार होतं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, आणि ते पुन्हा शब्दकोशाकडे वळले. सुटलेली पानं त्यांनी एका हातानं नीट केली, दुसऱ्या हातानं पुठ्ठा ओढला. तो सारखा निसटत होता. आतून वहिनीनं हाक दिली की परतीची गाडी पंधरा मिनिटांनी आहे आणि पुढची थेट दोन तासांनी.

"जाऊ दे ती," ताई म्हणाली. तिनं स्टूल अप्पांच्या शेजारी ओढलं आणि पुठ्ठ्याची दुसरी बाजू धरली. अप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. तिची गाडी चुकेल, असं काहीतरी ते म्हणणार होते. ताईनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सावकाश विचारलं, "अप्पा, सकाळपासून काय काय केलंत?"

अप्पांनी सांगायला सुरुवात केली. पहाटे जाग कशी आली, इथपासून.